बिनतारी संवेदक जाळी : ऊर्जाबचत आणि शोधक्षमता यांचा समतोल

तंजावूरच्या राजवाडा परिसरात प्रवेश करताच गूडगोपुरम ही आठ मजली, सुमारे १९० फूट उंचीची वास्तू नजरेत भरते. १८५५ मध्ये तंजावूरचे मराठी राज्य संपुष्टात येईपर्यंत ती टेहळणीसाठी आणि शस्त्रागार म्हणून वापरात होती. टेहळणी म्हटली की एक जुनी अडचण तिच्याबरोबर येते. पहारेकरी आठही प्रहर जागा राहू शकत नाही. त्याला झोप द्यावी तर नेमक्या त्या वेळी संकट येण्याची भीती. जागे ठेवावे तर काही दिवसांतच तो निकामी होण्याची खात्री. म्हणून पाळ्या लावल्या जातात, गस्त ठरते आणि कोणत्या खुणेवर नगारा वाजवायचा याचे नियम केले जातात.

आज हाच प्रश्न मानवी पहारेकऱ्याऐवजी काडेपेटीएवढ्या विद्युत उपकरणांच्या बाबतीत उभा आहे. दरडप्रवण डोंगर, द्राक्षबागा, पूल, धरणे आणि ऐतिहासिक वास्तू यांच्यावर लक्ष ठेवण्यासाठी बिनतारी संवेदक जाळी, म्हणजेच ‘वायरलेस सेन्सर नेटवर्क’, वापरली जातात. त्यांचे यशापयश दोन गोष्टींवर अवलंबून असते : घटना वेळेवर ओळखता येणे आणि उपकरणातील बॅटरी टिकणे. या दोन उद्दिष्टांत अंगभूत विरोध आहे. हा विरोध कसा निर्माण होतो, तो कसा सौम्य करता येतो आणि अंतिम निवड कोणी करावयाची, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. प्रश्न वरकरणी तांत्रिक असला, तरी त्याचा गाभा दुर्मीळ साधनसामग्रीच्या वाटपाचा, म्हणजे अर्थशास्त्राचा आहे.

उदाहरणासाठी एक वास्तू

याच राजवाडा परिसरात सरस्वती महाल ग्रंथालय आहे. नायक राजांच्या काळापासूनचा हा संग्रह मराठा राजवटीत, विशेषतः दुसऱ्या सरफोजी राजांच्या कारकिर्दीत (१७९८-१८३२), मोठ्या प्रमाणावर वाढला. १९१८ मध्ये तो जनतेसाठी खुला झाला. संस्कृत, तमिळ, तेलुगू व मराठी भाषांतील तीस हजारांहून अधिक हस्तलिखिते येथे आहेत. त्यांत ताडपत्रे आहेत, कागदी पोथ्या आहेत, मोडी लिपीतील राजदफ्तर आहे, आणि सरफोजी राजांनी नेत्ररुग्णांच्या ठेवलेल्या नोंदीही आहेत. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील उष्ण व दमट हवा ही अशा संग्रहाची नित्याची शत्रू होय. सापेक्ष आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली की बुरशीचा धोका वाढतो. कसर व वाळवी यांचे भय असतेच. ताडपत्रांना गवती चहाचे तेल लावण्याची पद्धत दक्षिणेत रूढ आहे ती याच कारणाने.

अशा एखाद्या ग्रंथालयाच्या दालनांत वीस संवेदक बसवावयाचे आहेत, असे केवळ विषय समजण्यासाठी गृहीत धरू. ऐतिहासिक वास्तूंच्या भिंती फोडून तारा नेता येत नाहीत. म्हणून जोडणी बिनतारी हवी आणि वीज बॅटरीची हवी. येथून प्रश्नाला सुरुवात होते.

ऊर्जा कोठे खर्च होते?

संवेदक जाळ्यातील प्रत्येक उपकरणाचे, ज्याला ‘नोड’ म्हणतात, चार भाग असतात : मोजमाप करणारा संवेदक, गणन करणारा सूक्ष्मप्रक्रियक, संदेशवहनाचा रेडिओ आणि बॅटरी. यांपैकी सर्वांत खर्चिक घटक बहुधा रेडिओ असतो. विशेष म्हणजे, अल्प अंतरावर काम करणाऱ्या रेडिओला संदेश पाठविण्यास जेवढी वीज लागते, जवळजवळ तेवढीच केवळ ‘ऐकत राहण्यास’ही लागते. कोणी काही बोलत नसतानाही कान उघडे ठेवण्याचा हा खर्च बॅटरी लवकर संपविणारे प्रमुख कारण ठरतो. उलट, गणनाचा खर्च तुलनेने अल्प असतो. एक बिट माहिती हवेतून पाठविण्याच्या ऊर्जेत सूक्ष्मप्रक्रियक शेकडो सूचना पार पाडू शकतो. त्यामुळे ‘आधी विचार, मग उच्चार’ हे या क्षेत्राचे मूलभूत सूत्र झाले आहे.

साधे गणित करून पाहू. एकसर जोडलेल्या दोन पेन्सिल सेलची क्षमता २,५०० मिलिअँपिअर-तास, जागेपणी लागणारा विद्युतप्रवाह २० मिलिअँपिअर आणि झोपेत लागणारा ०.०१ मिलिअँपिअर धरू. उपकरण सतत जागे ठेवले तर १२५ तासांत, म्हणजे सुमारे पाच दिवसांत, बॅटरी संपेल. एकूण काळापैकी उपकरण जागे असण्याच्या प्रमाणास ‘ड्युटी सायकल’ किंवा कार्यचक्र म्हणतात. हे प्रमाण एक टक्का ठेवले, तर सरासरी प्रवाह ०.२१ मिलिअँपिअर होतो आणि आयुष्य सुमारे सोळा महिन्यांवर जाते. ०.१ टक्का ठेवले, तर कागदावरील आयुष्य साडेनऊ वर्षे होते, ०.०१ टक्का ठेवले, तर जवळपास चोवीस वर्षे.

या आकड्यांकडे बारकाईने पाहिले पाहिजे. जागेपणा दहापटीने कमी केल्यावर पहिल्या टप्प्यात आयुष्य सातपट वाढले. पुढील टप्प्यात तेवढ्याच कपातीने ते केवळ अडीचपट वाढले, कारण आता झोपेतील खर्चच वरचढ ठरला. शिवाय सेल वापराविनाही हळूहळू उतरत असल्याने चोवीस वर्षांचा आकडा प्रत्यक्षात येत नाही. दुसरीकडे, उपकरण प्रत्येक वेळी एक सेकंद जागे होते असे मानल्यास, दोन जागेपणांतील अंतर एक टक्क्याला १०० सेकंद, ०.१ टक्क्याला सुमारे १७ मिनिटे आणि ०.०१ टक्क्याला सुमारे पावणेतीन तास होते. घटना हुकण्याचा किंवा उशिरा कळण्याचा धोका प्रत्येक टप्प्यावर दहापटीने वाढत राहतो; बचतीचा लाभ मात्र घटत जातो. घटत्या सीमांत लाभाचा नियम येथे स्पष्ट दिसतो. म्हणून ‘जास्तीत जास्त बचत’ हे उद्दिष्ट चुकीचे ठरते. योग्य बिंदू तो, जेथे अधिक बचतीचा सीमांत लाभ व वाढत्या विलंबाची सीमांत हानी समान होतात.

दोन प्रकारच्या चुका

शोधक्षमता म्हणजे केवळ घटना पकडण्याची क्षमता नव्हे. संवेदकाच्या वाचनात नैसर्गिक चढउतार असतातच. म्हणून एक उंबरठा ठरवावा लागतो. वाचन त्यापुढे गेले की इशारा द्यावयाचा. उंबरठा खाली ठेवला की खोटे इशारे वाढतात. वर ठेवला की खऱ्या घटना हुकतात. एकाच उपकरणाकडून व तेवढ्याच माहितीवरून या दोन्ही चुका एकाच वेळी कमी करता येत नाहीत. जेर्झी नेमन व एगॉन पिअरसन यांनी १९३३ मध्ये या समस्येची प्रसिद्ध मांडणी केली : खोट्या इशाऱ्यांचे सहन करण्याजोगे प्रमाण आधी निश्चित करावे आणि त्या मर्यादेत घटना ओळखण्याची संभाव्यता जास्तीत जास्त करावी. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या निमित्ताने या विचाराचा व्यवहारात मोठा विस्तार झाला.

घटना दुर्मीळ असेल तर एक विलक्षण परिणाम दिसून येतो. समजा, उपकरण १०० पैकी ९९ खऱ्या घटना ओळखते आणि शांत परिस्थितीत केवळ एक टक्का वेळा चुकते. समजा, दहा हजार वाचनांत एकदाच खरी घटना घडते. आता दहा लाख वाचने घेतली, तर खऱ्या घटना १०० असतील आणि त्यांपैकी ९९ पकडल्या जातील. उर्वरित ९,९९,९०० वाचनांतून मात्र ९,९९९ खोटे इशारे निघतील. एकूण १०,०९८ इशाऱ्यांपैकी खरे ९९, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी! ‘९९ टक्के अचूक’ असे वर्णन केलेले उपकरण व्यवहारात ‘लांडगा आला रे आला’ ओरडणाऱ्या मुलासारखे ठरते. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासकांनी हे उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे; रोगनिदान चाचण्या असोत वा करचुकवेगिरीचा शोध, सर्वत्र हेच गणित लागू पडते.

जाळ्याचे सामर्थ्य

एकट्या उपकरणाची ही मर्यादा अनेक उपकरणांच्या सहकार्याने ओलांडता येते. वरील उदाहरणात पहिल्या नोडने इशारा दिला की त्याच्या शेजारच्या नोडला जागे करावयाचे आणि दोघांचे एकमत झाले तरच इशारा बाहेर पाठवावयाचा, असा नियम करू. दोघांच्या चुका परस्परांपासून स्वतंत्र मानल्या, तर १०० पैकी ९८ घटना पकडल्या जातील आणि खोटे इशारे ९,९९९ वरून सुमारे १०० पर्यंत घटतील. दुसऱ्या नोडला दहा लाखांपैकी फक्त १०,०९८ वेळा, म्हणजे सुमारे एक टक्का वेळाच, जागावे लागेल. अल्प ऊर्जेत विश्वासार्हता कितीतरी वाढली. तिची किंमत म्हणून शंभरातील आणखी एक खरी घटना मात्र हातची गेली. हा सौदा फायद्याचा की तोट्याचा, हे गणित सांगू शकत नाही. ती एक घटना कोणती असेल यावर ते ठरते.

येथे एक सावधगिरीही आवश्यक आहे. एकाच दालनातील दोन संवेदक एकाच उन्हाने तापतात, एकाच उघड्या खिडकीमुळे दमट होतात. त्यांच्या चुका पूर्णतः स्वतंत्र नसतात. म्हणून शेजारी नोड वेगळ्या प्रकारचा असणे, उदाहरणार्थ एक आर्द्रता मोजणारा व दुसरा पृष्ठभागाचे तापमान मोजणारा, अधिक हितावह ठरते.

समतोलाचे चार मार्ग

गेल्या सुमारे चार दशकांच्या संशोधनातून जे उपाय पुढे आले, त्यांचे स्थूलमानाने चार गट करता येतील.

पहिला, घटनेच्या वेगानुसार जागेपणा. बुरशी वाढण्यास दिवस लागतात. आर्द्रता दर पंधरा मिनिटांनी मोजली तरी काही बिघडत नाही. आग मात्र मिनिटांत पसरते. दोहोंसाठी एकच वेळापत्रक लावणे म्हणजे एका ठिकाणी उधळपट्टी व दुसऱ्या ठिकाणी निष्काळजीपणा होय. अग्निसूचनेसाठी कायम विजेवर चालणारी स्वतंत्र व्यवस्थाच हवी.

दुसरा, टप्प्याटप्प्याने जागृती. अत्यल्प विजेवर चालणारा साधा संवेदक सतत जागा ठेवावयाचा आणि त्याला शंका आली तरच अधिक अचूक पण खर्चिक संवेदक व रेडिओ सुरू करावयाचे.

तिसरा, निवडक संदेशवहन. सर्व कच्ची माहिती केंद्राकडे धाडण्याऐवजी नोडने स्वतःच निर्णय घेऊन ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच कळवावे, या विकेंद्रित शोधाची पायाभूत मांडणी रॉबर्ट टेनी व निल्स सँडेल यांनी १९८१ मध्ये केली. पुढे १९९६ मध्ये रागो, विलेट व बार-शालोम यांनी आणखी एक पाऊल टाकले : सांगण्याजोगे काही असेल तरच नोडने बोलावे, एरवी मौन पाळावे. अर्थात मौनाचे दोन अर्थ होतात. सर्व ठीक आहे किंवा नोड बंद पडला आहे. म्हणून दिवसातून एक-दोनदा ‘मी आहे’ असा हजेरीचा संदेश पाठविण्याची तरतूद ठेवावी लागते.

चौथा, भाराचे समान वाटप. केंद्राजवळील नोडना दूरच्या नोडचे निरोप पुढे पोहोचवावे लागतात. त्यामुळे त्यांची बॅटरी प्रथम संपते आणि दूरचे नोड सुस्थितीत असूनही जाळे तुटते. चेन्नईत जन्मलेले अनंत चंद्रकासन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये मांडलेल्या ‘लीच’ या पद्धतीत गटप्रमुखाची जबाबदारी नोडमध्ये आळीपाळीने फिरते. गडावरील पहाऱ्याच्या पाळ्यांचेच हे आधुनिक रूप म्हणता येईल.

प्रत्यक्षातील अनुभव

महाराष्ट्रात मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने २००० च्या दशकात नाशिकच्या सुला द्राक्षबागेत ‘अ‍ॅग्रिसेन्स’ हे जाळे उभारले. तापमान, आर्द्रता, पानांवरील ओलावा व जमिनीतील ओल यांच्या नोंदींतून केवडा, भुरी यांसारख्या रोगांना पोषक स्थिती केव्हा निर्माण होते हे ओळखणे, हा त्यामागील विचार होता. पाने ओली राहण्याचा काळ तासांत मोजला जातो. त्यामुळे येथे नोडना दीर्घ झोप परवडते. खोटा इशारा म्हणजे एक अनावश्यक फवारणी. हुकलेली घटना म्हणजे हंगामाचे नुकसान. दोन्हींची किंमत रुपयांत मांडता येते.

इटलीतील त्रेंतो येथील तोर्रे आक्विला या भित्तिचित्रांनी सजलेल्या मध्ययुगीन मनोऱ्यात २००८ च्या सुमारास बसविलेले जाळे ऐतिहासिक वास्तूंच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. भेगांची हालचाल व तापमान सावकाश बदलते, पण कंपने फार जलद मोजावी लागतात. त्यामुळे एकाच वास्तूत वेगवेगळ्या नोडना वेगवेगळी वेळापत्रके देण्यात आली आणि माहिती पाठविण्यापूर्वी तिचे आकारमान कमी करण्यावर भर देण्यात आला.

केरळमधील मुन्नार येथील अंथोनियार कॉलनीत अमृता विद्यापीठाने उभारलेले दरडसूचक जाळे सर्वांत बोलके आहे. सुमारे वीस बिनतारी नोड व पन्नास भूवैज्ञानिक संवेदक पाऊस, मातीतील पाण्याचा दाब, उताराचे झुकणे व कंपने टिपतात. कोरड्या दिवसांत मोजणी विरळ ठेवावयाची आणि पाऊस व पाण्याचा दाब वाढताच ती वाढवावयाची, अशी टप्प्यांची योजना त्यात आहे. जुलै २००९ मधील अतिवृष्टीत या व्यवस्थेच्या आधारे स्थानिक रहिवाशांना इशारा देण्यात आला. ऊर्जा जपून ठेवावयाची ती नेमकी अशाच दिवसासाठी! सौरऊर्जेवर चालणाऱ्या संचांसाठी तर हे अधिकच खरे. ज्या काळ्या ढगांमुळे धोका वाढतो, त्याच ढगांमुळे बॅटरीचे भरणही थांबते.

उंबरठा कोणी ठरवावा?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. इशारा द्यावा की गप्प राहावे, याचा निकष सोपा आहे. घटनेची संभाव्यता गुणिले ती हुकल्याची हानी ही, घटना नसण्याची संभाव्यता गुणिले खोट्या इशाऱ्याचा खर्च याहून अधिक असेल, तर इशारा द्यावा. हुकण्याची हानी खोट्या इशाऱ्याच्या ९९ पट असेल, तर एक टक्क्याहून अधिक संभाव्यता दिसताच इशारा देणे तर्कशुद्ध ठरते. म्हणजे १०० पैकी ९९ इशारे खोटे निघाले तरी ती व्यवस्था अपयशी म्हणता येत नाही. परंतु ही ‘९९ पट’ अभियंता कोठून आणणार? ती संख्या बॅटरीच्या माहितीपुस्तिकेत नसते.

पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर ३० जुलै २०१४ रोजी दरड कोसळली व दीडशेच्या आसपास लोकांचा बळी गेला. गाव दिसेनासे झाल्याची पहिली बातमी एस. टी. बसच्या चालकामुळे बाहेर पोहोचली. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर तशीच आपत्ती ओढवली. अशा ठिकाणी खोट्या इशाऱ्याचा खर्च म्हणजे भर पावसात, रात्री, मुलाबाळांसह शाळेच्या इमारतीत काढावी लागणारी रात्र, बुडालेला रोजगार आणि गोठ्यात मागे राहिलेली जनावरे. तो खर्च गावकरी सोसतात. घटना हुकल्याची हानीही तेच सोसतात. असे असता उंबरठा कोठे असावा, हे दूरच्या प्रयोगशाळेत परस्पर ठरणे योग्य नव्हे. किती खोटे इशारे गाव सहन करील आणि त्यानंतरही घर सोडून बाहेर पडेल, हे ग्रामसभेशी बोलूनच कळू शकते.

ग्रंथालयाच्या बाबतीत प्रश्न वेगळ्या प्रकारे कठीण होतो. एखादी पोथी बुरशीने गेली तर तिची बाजारभावाने भरपाई होत नाही, कारण तशी दुसरी पोथी नसते. ज्या निर्णयांचे परिणाम परत फिरवता येत नाहीत, तेथे सावधगिरीचे मूल्य अधिक धरले पाहिजे, असे केनेथ अ‍ॅरो व अँथनी फिशर यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले. येथे उंबरठा खाली ठेवणे, बॅटरी वारंवार बदलण्याचा खर्च पत्करणे आणि कर्मचाऱ्यांना काही फेऱ्या व्यर्थ घालाव्या लागणे हेच शहाणपणाचे ठरेल. केंद्र सरकारने २००३ मध्ये राष्ट्रीय पांडुलिपी मिशन सुरू केले आणि २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात एक कोटीहून अधिक हस्तलिखितांसाठी ‘ज्ञान भारतम्’ मिशनची घोषणा केली. अशा कार्यक्रमांत उपकरण खरेदीबरोबरच बॅटरी बदलण्याची, नोडची हजेरी तपासण्याची व इशारा मिळाल्यावर कोणी धावून जावयाचे याचीही तरतूद व्हावयास हवी. भांडवली खर्च एकदाच होतो. जागेपणाचा खर्च दरवर्षी करावा लागतो.

समारोप

ऊर्जा व शोधक्षमता यांतील संघर्ष पूर्णतः मिटवणारे तंत्र अस्तित्वात नाही. घटनेच्या वेगाशी जुळणारे वेळापत्रक, टप्प्यांची जागृती, निवडक संदेश आणि पाळीपाळीने जबाबदारी या उपायांनी तेवढ्याच बॅटरीत अधिक घटना पकडता येतात. शक्यतांची ही सीमारेषा अभियंता पुढे सरकवू शकतो. त्या रेषेवरील कोणता बिंदू निवडावयाचा हा मात्र मूल्यांचा निर्णय आहे आणि तो हानी सोसणाऱ्यांना सोबत घेऊन, उघडपणे व कारणांसह नोंदवून घेतला गेला पाहिजे. गूडगोपुरावरील पहारेकऱ्याने केव्हा नगारा वाजवावा हे त्याच्या डोळ्यांच्या तीक्ष्णतेवरच नव्हे, तर खाली नगरात काय राखावयाचे आहे यावरही ठरत असणार. आजच्या संवेदकांनाही तीच कसोटी लागू आहे.